कान बरे असल्याचा कागद

मिस्त्रींकडे गाडी नेली की आधी तोंडानं आवाज काढून दाखवावा लागे. "काय झालं ते नका सांगू, कसं वाजते ते सांगा," असं म्हणून ते बाकावर बसत, डोळे मिटत आणि वाट पाहत. मग तुम्ही तहसीलदार असा की तेंदूपत्त्याचे कंत्राटदार, शेजारच्या चहाटपरीवरच्या दहा माणसांदेखत तुम्हाला खर्रर्र किंवा चुंई किंवा ठक-ठक-ठक असं काहीतरी करावंच लागे. एका तरुण वनाधिकाऱ्यानं हुशारी करून मोबाईलवर आवाज टेप करून आणला होता. मिस्त्रींनी तो फोन हातात घेतला नाही. "गाडीचा आवाज मी आयकीनच. तुमी काय आयकलं ते मले पाह्यजे," ते म्हणाले. शेवटी वनाधिकारी टोपी सरळ करून चांगला मिनिटभर गुरगुरला, आणि टपरीवाल्यानं खाली मान घालून चहा गाळला.

आमच्या गावाबाहेर, मार्कंड्याला जाणारा फाटा जिथे फुटतो, तिथे एका मोहाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे सागाच्या चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, आणि जमिनीवर वर्षानुवर्षं सांडलेल्या ऑईलचा काळा थर. पाटी नव्हती. मोहफुलं गळायच्या दिवसांत बाया पहाटे येऊन फुलं वेचून नेत, आणि मिस्त्री त्यांच्यासाठी एका बाजूची जमीन रोज झाडून ठेवत. तिथे कुणी स्कूटर लावली तर ती उचलून बाजूला ठेवत.

मी त्या भागातल्या आरोग्य केंद्रात पर्यवेक्षिका होते. उपकेंद्रं लांब लांब, जंगलातली. सरकारी जीप बहुधा नादुरुस्त किंवा साहेबांबरोबर. म्हणून नवऱ्यानं भद्रावतीहून एक जुनी पांढरी गाडी पाहून दिली आणि ती मी चालवायला शिकले. नवरा तिकडे फॅक्टरीत, शनिवारी येई. घरात मी आणि सासूबाई. बाईमाणूस स्वतः गाडी चालवते याचं गावाला पहिले दोन महिने फार कौतुक होतं, नंतर कुणी मान वर करून पाहीना.

पहिल्यांदा मिस्त्रींकडे गेले तेव्हा मी जरा अधिकारी थाटातच म्हणाले, "मिस्त्रीभाऊ, फॅन बेल्ट सैल झालाय, तेवढा ओढून द्या."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुमच्याकडे पेशंट येऊन असा मनते काय, मले टायफाईड झाला, दवा द्या? का मनते, पोट दुखते?"

मी हसले आणि तोंडानं किंचाळल्यासारखा आवाज काढून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. "बेल्ट नाई. अल्टरनेटरची बेरिंग," ते म्हणाले, आणि ती बेरिंगच निघाली. तेव्हापासून आमची चांगली गट्टी जमली. गट्टी म्हणायचा मला आता हक्क नाही, पण तेव्हा होती.

सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला कोडं नको. या माणसाचे कान अख्ख्या तालुक्यात नावाजलेले होते, आणि त्याला बहिरा ठरवलं ते मी. सगळ्यांदेखत, एका वाक्यात. पुढची सगळी वर्षं ते वाक्य मागे घ्यायचं राहून गेलं.

कानांना ते देवासारखं सांभाळत. रविवारी गॅरेज बंद. देवधर्मासाठी नाही, "कानाची सुट्टी" म्हणून. त्या दिवशी सकाळी लसूण तळलेलं तेल कोमट करून दोन्ही कानांत घालायचं, कापसाचा बोळा बसवायचा आणि संध्याकाळपर्यंत गप्प पडून राहायचं. हाक मारली तरी ओ नाही. मी आरोग्य खात्याची, त्यामुळे मला हे बघवत नसे. "भाऊ, कानात तेल घालू नये, शास्त्रात बसत नाही," असं मी कितीदा सांगितलं. ते म्हणत, "शास्त्रात नसन बसत. कानात बसते." आणि त्यांना खरोखरच शंभर पावलांवरून येणाऱ्या एस.टी.चा नंबर, म्हणजे ती आगाराची कोणती गाडी आहे हे, न बघता सांगता येत असे.

हॉर्नचं काम ते घेत नसत. हॉर्न बंद पडलेल्या गाडीचा मालक आला की आनंदानं म्हणत, "चांगलं झालं. आता नीट चालवसान." डीजे लावलेल्या वरातीच्या गाडीला तर त्यांनी एकदा जॅकही दिला नव्हता. चाक पंक्चर, नवरदेव घामाघूम, आणि मिस्त्री कानांवर हात ठेवून मोहाच्या बुंध्यामागे. डीजे बंद केल्यावर बाहेर आले आणि पाच मिनिटांत चाक बदलून दिलं.

पण त्यांचं खरं कौशल्य ब्रेकमध्ये. ब्रेकची तक्रार असली की ते स्वतः गाडी चालवत नसत. मालकाला चालवायला लावत आणि आपण मागच्या सीटवर बसत, खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत ओढून. काचा खाली. कुणी बोलायचं नाही. मला पहिल्यांदा वाटलं की झोपले. मी मान वळवून पाहिलं तर दुपट्ट्याच्या आतून आवाज आला, "समोर पाहा, बाई. गाय येऊन राह्यली." गाय खरंच येत होती.

त्या वर्षी महाशिवरात्रीच्या आधी माझ्या गाडीच्या मागून आवाज येऊ लागला. ब्रेकवर पाय ठेवला की खर्र, खर्र, जात्यात खडा गेल्यासारखा. आठ दिवस मी काचा वर करून रेडिओ लावून काढले. ही माझी जुनी सवय. दुखणं अंगावर काढणाऱ्या बायांना मी रोज रागावायची आणि स्वतः तेच करायची. शेवटी मिस्त्रींसमोर उभी राहून आवाज काढून दाखवला. त्यांनी विचारलं, "आठ दिवस झाले ना?" मी मान हलवली. ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

पुलाच्या रस्त्यावर त्यांनी मला हळू ब्रेक लावायला सांगितला, मग जोरात, मग मध्येच. मग म्हणाले, "आता पाय काढा. हातानं हँडब्रेक ओढा, अलगद." हँडब्रेक फक्त मागच्या चाकांनाच लागतो हे मला तेव्हा कळलं. खर्र आवाज आला. "मागचा उजवा," दुपट्ट्यातून उत्तर आलं. "शू सपा झाला. लोखंडाले लोखंड लागून राह्यलं."

चाकाच्या आतला लोखंडी ड्रम निघता निघेना. ते लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकत राहिले, एका जागी दोनदा नाही. निघाल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. ते प्रत्येक मालकाला बसवत. वकील असो की वाळूचा ट्रॅक्टरवाला, त्या काळ्या जमिनीवर उकिडवं बसून आपल्या गाडीचं पोट पाहायचं. ब्रेकच्या शूवर जाड अस्तर असतं, ते उजव्या चाकात पार झिजून आतले रिव्हेट चमकत होते. ड्रमच्या आतून गोल गोल चरे पडले होते. त्यांनी माझं बोट धरून त्या चऱ्यांवरून फिरवलं. "पाहा. तुमचं गाडी चालवनं इथी लिहून हाय. तुमी भेता. पाय ब्रेकवरून उठतच नाई."

मग डावं चाक उघडलं. तिथलं अस्तर जवळजवळ नव्यासारखं. शूला ढकलणारं सिलिंडर जाम झालं होतं, त्यामुळे डावं चाक ब्रेक लावतच नव्हतं. "एकच चाक दोघांचं काम करून राह्यलं होतं," ते म्हणाले. "तुमच्या दवाखान्यात असते ना, एक राबते अन् दुसरी सही करते." मी कुणाचं नाव घेतलं नाही, पण दोघंही हसलो.

ड्रम एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती चंद्रपूरला लेथवर गेले, चरे काढून परत आले. दोन्हीकडे नवे शू, नवं सिलिंडर. सगळं जोडून, ब्रेकमधली हवा काढून, पुन्हा मागच्या सीटवर बसून फेरी. आवाज नाही. मी किल्ली मागितली तर त्यांनी ती मुठीत धरून ठेवली.

"पथ्य आयका. पंधरा दिवस गाडी पान्यात उतरवाची नाई. शू अन् ड्रम नवे हाय, अजून वळख नाई झाली त्यायची. अन् नदीत तं बिलकुल नाई. वैनगंगेची वाळू लय बारीक, कुठीभी घुसते."

"बरं," मी म्हणाले.

"बरं नका मनू. काय सांगतलं ते सांगा."

हे माझंच वाक्य होतं. गोळ्या दिल्यावर मी प्रत्येक बाईला हेच विचारायची. मी शाळकरी पोरीसारखं सगळं परत म्हणून दाखवलं आणि किल्ली मिळवली.

तिसऱ्या दिवशी महाशिवरात्र. मार्कंड्याची जत्रा. सासूबाईंची इच्छा होती की गाडीला एकदा नदीचं पाणी लागावं. आमच्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टर, जीपा, मोटारसायकली सगळ्याच नदीत उतरतात. पात्रात पोटरीपर्यंत पाणी, लोक बैलांसारखी गाड्यांना आंघोळ घालतात, चाकांना हळदकुंकू लावतात. मी नाही म्हटलं असतं तर सासूबाईंनी ऐकलं असतं. त्या हट्टी नव्हत्या. पण मला वाटलं, दोन मिनिटांनी काय होतं. एका घासानं काय होतं, असं म्हणून बाळाला खरवस भरवून आणणाऱ्या किती बायांना मी फैलावर घेतलं होतं. मी गाडी उतरवली. चाकं अर्धी बुडाली. सासूबाईंनी साडी खोचून, पितळी तांब्यानं चारी चाकांवर पाणी ओतलं. फार खूश होत्या.

परतताना फाट्याच्या अलीकडे ब्रेक लावला आणि मागून खर्र आलं. आधीपेक्षा मोठं.

दुसऱ्या दिवशी मला लसीकरणाला आत जंगलात जायचं होतं. मी घाबरले, आणि घाबरले की मी चिडते. गाडी तशीच मिस्त्रींसमोर नेऊन उभी केली. जत्रेहून परतणारे लोक टपरीवर गर्दी करून होते. सासूबाई मागच्या सीटवर प्रसादाची पुडी घेऊन बसलेल्या.

"भाऊ, काय काम केलंत? तिसऱ्याच दिवशी तोच आवाज."

ते शांतपणे म्हणाले, "काढून दाखवा."

"मी काही आवाजबिवाज काढणार नाही. तुम्हीच ऐका." मी गाडी थोडी पुढे नेऊन ब्रेक मारला. खर्र. सगळ्यांनी ऐकलं.

ते चाकाजवळ वाकले, मग सरळ झाले. "गाडी कुठी नेली होती, बाई?"

"मार्कंड्याला. दर्शनाला."

"पान्यात?"

माझ्याकडे पंधरा-वीस माणसं पाहत होती. त्यांतल्या निम्म्यांना मी कधी ना कधी पथ्य मोडलं म्हणून बोलले होते. त्या सगळ्यांसमोर, एरवी हातात तपासणीची वही घेऊन फिरणारी मी, हो कसं म्हणणार?

"नाही," मी म्हणाले. "रस्त्यानं गेले, रस्त्यानं आले."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

"मंग हा आवाज माह्या कामाचा नाई," मिस्त्री म्हणाले. "परवा मले असा आवाज आयकू आला नाई."

"तेच तर म्हणतेय मी," मी म्हणाले. "तुम्हाला ऐकू आला नाही. भाऊ, वय झालंय, वर ते तेल घालून घालून काय व्हायचं ते झालंय. कान तपासून घ्या एकदा. पुढच्या महिन्यात आमच्याकडे शिबिर आहे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, थट्टेवारी गेलं असतं. सगळे गंभीर झाले, कारण नर्सबाई सांगत होती. मिस्त्रींनी दुपट्ट्यानं एकेक बोट पुसलं आणि बाकावर जाऊन बसले. मी गाडी वळवली. घरी पोचल्यावर सासूबाईंनी प्रसादाची पुडी देवापुढे ठेवली.

चंद्रपूरच्या एका वर्कशॉपमध्ये दुसऱ्या मिस्त्रीनं ड्रम उघडला. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर त्यानं ड्रम उलटा केला आणि ओंजळभर बारीक, चमकती वाळू पडली. "मॅडम, नदीत उतरवली होती?" त्यानं विचारलं. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. मी लगेच हो म्हणाले. तो म्हणाला, "काम चांगलं केलंय कोणीतरी. शू एकदम बराबर बसवलेत. फक्त धुऊन देतो." पाऊण तासात गाडी बिनआवाजाची झाली.

त्याच संध्याकाळी मी फाट्यावर थांबायचं ठरवलं होतं. टपरीवर लोक होते म्हणून थांबले नाही. दुसऱ्या दिवशी लोक नव्हते; मग वाटलं, लोकांसमोर बोलले तर मागेही लोकांसमोरच घ्यायला हवं, आणि पुढे गेले. अशी माझ्याकडे रोज एक सबब तयार असे. मी स्वभावानं वाईट नाही, पण चूक कबूल करायची वेळ आली की माझी जीभ जड होते, आणि दुसऱ्याची चूक दाखवायला ती कायम तयार असते. हे मला आज कळतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं.

गावात गोष्ट पसरायला जत्रेचे लोक पुरेसे होते. "नर्सबाईनं सांगतलं, मिस्त्रीचे कान गेले." कुणाला ते खरं वाटायला अडचण पडली नाही. रविवारी हाक मारली तर ओ देत नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलं होतंच. ते डोळे मिटून ऐकतात, तेही ऐकू येत नाही म्हणून, असं कुणीतरी काढलं. आवाज तोंडानं काढायला लावतात तेही त्यासाठीच. त्यांची एकेक सवय लोकांनी उलटी करून पुरावा म्हणून मांडली. स्टँडजवळ नवं गॅरेज निघालं होतं, जीपा तिकडे वळल्या.

एकदा एक जीपवाला हाताला पट्टी करून घ्यायला केंद्रात आला होता. गप्पांत म्हणाला, "इंजिनचं ठीक हाय, पन ब्रेकचं काम बहिऱ्याकडे कोन देईन, बाई? माह्या जीपमंदी चौदा मानसं असते."

मी म्हणाले, "हात सरळ ठेवा."

एवढंच म्हणाले. पट्टीचं दुसरं टोक दातात धरलं होतं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. दातात काही नव्हतं.

मग शिबिर आलं. जिल्ह्याहून कानाचे डॉक्टर आले. नावं लिहायला मीच बसले होते. रांगेत मिस्त्री उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, केसांना तेल, पायात नवी चप्पल. त्यांना मी ऑईलच्या डागांशिवाय कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर आले तेव्हा त्यांनी नाव सांगितलं, वय सांगितलं. तक्रार काय, या रकान्यापाशी मी थांबले. "तक्रार नाई," ते म्हणाले. मी तो रकाना रिकामा ठेवला.

डॉक्टरांनी कान तपासायचा लोखंडी चिमटा वाजवून कानाजवळ धरला, लांब नेला, आणखी लांब नेला. मग पाठीमागे जाऊन अगदी हळू काही शब्द पुटपुटले. मिस्त्रींनी सगळे जसेच्या तसे सांगितले आणि वर म्हणाले, "डाक्तर साहेब, तुमच्या डोक्यावरच्या पंख्याची बेरिंग चालली. चार-आठ दिवस हाय." डॉक्टर खूप हसले. "या वयात असे कान मी पाहिले नाहीत," असं म्हणून पुढच्याला बोलावलं.

मिस्त्री पुन्हा माझ्या टेबलापाशी आले. इकडे तिकडे पाहून म्हणाले, "बाई, याचा कागद भेटन काय?"

"कसला कागद?"

"कान बरे हाय, असा. तुमच्या सही-शिक्क्याचा. टपरीवर लावून देतो."

मी खरं तेच सांगितलं. असा फॉर्म नसतो. ऐकू येत नसेल तर टक्केवारी घालून प्रमाणपत्र देतात. ऐकू येतं, याचं प्रमाणपत्र देत नाहीत.

"मंजे बिघाड असन तरच कागद," ते म्हणाले.

"हो."

"अन् बरा असन त्याले?"

"त्याला लागत नाही, भाऊ."

माझ्यासमोर कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा होता. शिक्का होता, पेन हातात होतं. एका ओळीचं काम होतं. त्या एका ओळीत मला 'चूक माझी' असं लिहायचीही गरज नव्हती. पण मी ते लिहून दिलं असतं आणि टपरीवर लागलं असतं, तर कुणीतरी विचारलंच असतं की मग बाई, त्या दिवशी तुम्ही कशावरून म्हणालात. मी रांगेतल्या पुढच्या बाईला म्हणाले, "या." मिस्त्री बाजूला झाले. जाताना त्यांनी त्या पंख्याकडे एकदा वर पाहिलं.

सहा दिवसांनी पंखा बंद पडला. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी एव्हाना उशीर झाला होता. पावसाळ्याआधी गॅरेजचं टिन उतरलं. मिस्त्री मूल तालुक्यातल्या एका गावी, तलावाकाठी, लेकीकडे राहायला गेले. पुढच्या मोसमात मोहफुलं वेचायला बाया आल्या तेव्हा खालची जमीन कुणी झाडलेली नव्हती. मी ते गाडीतून पाहिलं. माझीही मग बदली झाली.

बारा वर्षं गेली. सासूबाई गेल्या. आजारपणात एकदा त्यांनी फक्त विचारलं होतं, "ते मिस्त्री कुठी असतात गं?" मी माहीत नाही म्हणाले. ते मात्र खरं होतं. सासूबाईंच्या पश्चात मी मिस्त्रींचा शोध काढला आणि गेल्या हिवाळ्यात एका सकाळी नव्या गाडीनं त्या गावी गेले.

तलावात ढिवरांच्या डोंग्या होत्या. काठावर जाळी वाळत होती. लेकीचं घर विचारून मी अंगणाबाहेर गाडी थांबवली. ओसरीवर पाठमोरे बसून ते जाळ्याला गाठी मारत होते. मी अजून दार उघडलं नव्हतं.

"हँडब्रेक एक दात वर राह्यला," ते न वळताच म्हणाले. "जळका वास नाई येत काय?"

मी खाली पाहिलं. राहिला होता. मूलपासून तशीच आले होते.

लेकीनं खुर्ची दिली, चहा ठेवायला आत गेली. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, मग चेहरा पाहिला. म्हातारे झाले होते, पण कान तेच होते. आतून लेकीनं डबा खरवडल्याचा आवाज आला तर म्हणाले, "साखर सरली वाटते." मी वाटेत घोकलेलं सगळं एका दमात बोलले. नदीत गाडी घातली होती, खोटं बोलले, तुमचं काम चोख होतं, वाळू निघाली.

"वाळू निघाली, ते मले मालूम हाय," ते म्हणाले. "चाकाच्या नटाईत ओली वाळू होती. तुमच्या सासूबाईच्या पायाले भी होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कसा बोलू? चार लोकांत बाईले खोटी पाडाव काय? त्यात तुमच्या सासूबाई बसून होत्या. मले वाटलं, उद्या येसान. मंग वाटलं, परवा येसान." गाठ ओढून त्यांनी धागा दातानं तोडला. "मंग शिबिरात आलो. मनलं, तोंडानं नाई तं नाई, कागदावर तरी लिहून देसान."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पर्स उघडली, कागद काढला. "भाऊ, आज लिहून देते."

ते हसले. "आता कोनाले दाखवू? इथी तं म्हशी हाय." मग जाळं बाजूला ठेवून त्यांनी मान भिंतीला टेकवली, डोळे मिटले. "त्या दिवशी तुमी आवाज काढून नाई दाखवला. तो काढा आता."

परक्या अंगणात, पन्नाशी उलटलेली बाई, मी खर्रर्र केलं. लेक चहाचे कप घेऊन दारात थबकली. मी परत केलं, जसा तो मला त्या दिवशी खरा ऐकू आला होता तसा, मध्ये किरकिर घालून.

"वाळूच," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

परतताना मी फाट्यावर गाडी थांबवली. मोहाचं झाड आहे. टपरीही आहे, चालवणारा नवा आहे. पाच-सात माणसं चहा पीत होती. मला कुणी ओळखलं नाही. मी चहा घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "इथे एक मिस्त्री होते, आठवतात का?"

"कोन, बहिरा मिस्त्री?" टपरीवाला म्हणाला.

"ते बहिरे नव्हते," मी म्हणाले. "मी त्या वेळी इथे आरोग्य केंद्रात होते. मला माहीत आहे. त्यांचे कान अगदी चांगले होते. आताही आहेत, मी आत्ताच भेटून आले."

टपरीवाल्यानं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं, आणि दुसरा कप भरत म्हणाला, "नाई जी, बहिराच होता. गावात कोनालेभी विचारा. नर्सबाईनंच तपासलं होतं त्याले."